बेडकाची कातडी आणि पंपाचे धोवण

मृगाचा पाऊस पडून जमिनीला वाफसा आला की खरिपाच्या पेरण्या सुरू होतात आणि पेरणीमागोमाग, कित्येकदा दुसऱ्याच दिवशी, तणनाशकाची फवारणी होते. नेमक्या याच दिवसांत, उन्हाळाभर जमिनीत दडून राहिलेले बेडूक बाहेर पडतात व खाचरांत, चरांत आणि साचलेल्या डबक्यांत अंडी घालण्यासाठी जमतात. शेतकऱ्याच्या कामाचा हंगाम व बेडकाच्या प्रजननाचा हंगाम एकच आहे, आणि दोघांचे पाणीही एकच आहे. फवारणीच्या औषधांविषयी गावोगाव जी माहिती दिली जाते तीत माणसाची काळजी असते, गुराढोरांची असते, अलीकडे मधमाशीचीही असते. मासे दगावण्याचा इशारा डबीसोबतच्या पत्रकात छापलेला असतो. बेडकाचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. ज्याचा उल्लेख नाही त्याला धोका नाही, असा समज त्यामुळे होणे साहजिक आहे. परंतु तो समज बरोबर नव्हे. डबक्यातील मासा मेला नाही म्हणून ते पाणी निर्धोक, ही कसोटीही अपुरी आहे. ती का अपुरी आहे हे समजण्यासाठी बेडकाच्या कातडीची रचना व तिचे कार्य यांचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

कातडी म्हणजे अंगावरचे आच्छादन, अशी माणसाची कल्पना असते. कारण त्याची स्वतःची कातडी बव्हंशी तशीच आहे. तिच्या पृष्ठभागावर मृत पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात व त्यांतून पाणी सहसा आतबाहेर होत नाही. बेडकाच्या कातडीवर असा मृत पेशींचा थर बहुधा एकाच पेशीच्या जाडीचा असतो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या मातीवर किंवा उथळ पाण्यात बसून तो पोटाच्या खालच्या भागाच्या व मांड्यांच्या कातडीने पाणी शोषून घेतो. त्याच्या श्वसनाचा बराच भाग कातडीतूनच होतो. शरीरातील कर्बवायू बाहेर टाकण्याचे काम तर मुख्यत्वे तीच करते. म्हणजे जे काम माणसाच्या बाबतीत घसा व फुप्फुसे करतात, त्यातील पुष्कळसे काम बेडकाची उघडी, ओलसर, पातळ कातडी करीत असते. या दोन कामांखेरीज तिचे तिसरे एक काम आहे. ते सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे, आणि येथे प्रस्तुत आहे ते तेच. ते काम म्हणजे शरीरातील मिठाचा समतोल राखणे.

बेडकाच्या रक्तात लिटरमागे सुमारे साडेसहा ग्रॅम मिठाइतका क्षार असतो. पावसाने भरलेल्या डबक्याच्या पाण्यात त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाही क्षार बहुधा नसतो. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीला मीठ लावले की ती पाणी सोडते, हे घरोघरी माहीत आहे. पाणी नेहमी अधिक मिठाच्या दिशेने ओढले जाते. याच नियमाने डबक्यातील पाणी बेडकाच्या शरीरात सतत शिरत राहते, आणि शरीरातील मीठ मात्र बाहेर झिरपू पाहते. जादा पाणी बेडूक पातळ मूत्राच्या रूपाने टाकून देतो. पण त्याबरोबरही थोडा क्षार जातोच. ही तूट भरून निघाली नाही तर स्नायू व हृदय यांचे काम चालणार नाही. काही क्षार भक्ष्यातून मिळतो. उरलेला क्षार त्याच फिक्या, अळणी पाण्यातून कातडी खेचून घेते.

अळणी पाण्यातून खारट रक्ताकडे मीठ जाणे म्हणजे सखल भागातले पाणी चढावर जाण्यासारखे आहे. ते आपोआप होत नाही. त्यासाठी शक्ती खर्चावी लागते. डेन्मार्कमधील शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रॉग यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले की क्षार गमावलेला बेडूक अत्यंत विरल द्रावणातूनही तो परत मिळवू शकतो. पुढे त्याच देशातील हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसविला, दोन्ही बाजूंस सारखेच खारे पाणी भरले, आणि कातडीतून वाहणारा विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजला. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन प्रकारचे विद्युत्भारित कण होतात. शास्त्रीय भाषेत त्यांना आयन म्हणतात. १९५१ मध्ये उसिंग व त्यांचे सहकारी झेराहन यांनी असे सिद्ध केले की या प्रयोगात मिळणारा विजेचा प्रवाह आणि कातडीने बाहेरून आत नेलेले सोडियम यांचे प्रमाण तंतोतंत जुळते. शरीरापासून वेगळी केलेली कातडीसुद्धा कित्येक तास हे काम करीत राहते. एवढ्या साध्या उपकरणाने एवढे मूलभूत ज्ञान हाती आल्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात थोडी आहेत. माणसाच्या मूत्रपिंडाचे व आतड्याचे कार्य समजण्यासही पुढे याच ज्ञानाचा आधार मिळाला.

हे काम दोन टप्प्यांनी होते, असे १९५८ मध्ये मांडण्यात आले व ती मांडणी आजही मूलतः मान्य आहे. कातडीतील पेशींच्या बाहेरील बाजूस सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतून सोडियम पेशीत शिरते. आतील बाजूस एक प्रथिन असते. ते मोटेप्रमाणे काम करते: सोडियमचे तीन कण पेशीतून उपसून रक्ताच्या बाजूस टाकते व पोटॅशियमचे दोन कण आत घेते. या उपशामुळे पेशीतील सोडियम सतत कमी राहते, आणि म्हणूनच बाहेरच्या अळणी पाण्यातील सोडियमलाही आत येण्यास वाट मिळते. हे उपसा करणारे प्रथिन डेन्मार्कचेच येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूत शोधून काढले. त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ते जवळजवळ प्रत्येक प्राण्याच्या पेशीत आहे. माणसाच्या आहे, बैलाच्याही आहे. फरक एवढाच की माणसाच्या व बैलाच्या बाबतीत ते शरीराच्या आत सुरक्षित असते, तर बेडकाच्या बाबतीत ते डबक्याच्या पाण्यापासून काही पेशींच्या अंतरावर असते.

आता या यंत्रणेजवळ औषध आले तर काय होते, हा प्रश्न येतो. डी.डी.टी. व त्याच्या वर्गातील क्लोरीनयुक्त कीटकनाशके पेशीच्या स्निग्ध पडद्यात सहज मिसळतात आणि उपसा करणाऱ्या प्रथिनाचे काम मंदावतात, हे माशांवरील व इतर प्राण्यांवरील संशोधनातून फार पूर्वी दिसून आले होते. चिलीमधील संशोधकांनी तेथील एका मोठ्या बेडकाच्या कातडीवर याच वर्गातील डायएल्ड्रिनचा प्रयोग केला तेव्हा कातडीतील विजेचा दाब व प्रवाह दोन्ही घटले, म्हणजेच आयनांचे वहन मंदावले. डायएल्ड्रिन आज शेतीतून हद्दपार झाले आहे. भारतात डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला आणि एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. तेव्हा हा प्रश्न जुन्या औषधांबरोबरच संपला, असे कोणी म्हणेल.

तो संपलेला नाही. अ‍ॅट्राझीन हे तणनाशक महाराष्ट्रात मक्यात व काही ठिकाणी उसातही वापरले जाते. ते तणाच्या पानातील प्रकाशसंश्लेषण थांबवून तण मारते. बेडकाला हिरवी पाने नाहीत, सबब त्याला या औषधाचे भय नाही, असा तर्क कोणीही करील. विक्रेते तो करतातही. परंतु इटलीतील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अ‍ॅट्राझीनमुळे बेडकाच्या कातडीतून होणारे सोडियमचे शोषण वाढलेले आढळले. एक औषध वहन घटविते, दुसरे ते वाढविते. वाढले म्हणजे बरे झाले, असा याचा अर्थ नव्हे. पाटाचे दार अर्धे बंद पडले काय किंवा उघडे अडकून राहिले काय, पीक दोन्ही प्रकारे बिघडते. औषध ज्या अवयवासाठी बनविले नाही, त्या अवयवावरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हा या प्रयोगाचा खरा बोध आहे. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशकेही सोडियमच्या द्वारांवर काम करतात. पण ती द्वारे मज्जातंतूंची असतात व कातडीच्या द्वारांहून निराळी असतात. दोहोंची गल्लत करू नये.

इटलीतीलच त्या संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक तुलना प्रसिद्ध केली. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी पुष्कळ जुळती असते. म्हणून त्यांनी बेडकाची कातडी व डुकराची कातडी शेजारी शेजारी घेऊन तीच तणनाशके दोन्हींतून किती वेगाने पार होतात ते मोजले. ग्लायफोसेट व पॅराक्वाट यांचे पार होणे बेडकाच्या कातडीतून वीस पटींहून अधिक निघाले. अ‍ॅट्राझीनच्या बाबतीत तर हा फरक शेकडो पटींचा होता. माणसाच्या जाड कातडीतूनही औषध आत शिरते, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. अंगावर उडालेले औषध कातडीवाटेही शरीरात गेले होते. जी कातडी त्याहून कितीतरी पटींनी अधिक पाझरते, तिच्या धन्याची गत काय होत असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

शिफारस केलेल्या मात्रेत फवारले तर धोका नाही, असे उत्तर यावर मिळते. त्याचीही परीक्षा झालेली आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१३ मध्ये युरोपातील सामान्य बेडकाच्या लहान पिल्लांवर सात प्रचलित औषधांची फवारणी करून पाहिली. पत्रकात सांगितलेल्या मात्रेलाच मृत्यूचे प्रमाण एका टोकाला सात दिवसांत शेकडा ४०, तर दुसऱ्या टोकाला एका तासात शेकडा १०० निघाले. या प्रयोगातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. एकच बुरशीनाशक द्रव्य असलेली दोन तयार औषधे तपासण्यात आली. ज्यात नॅप्था हे द्रावक मोठ्या प्रमाणात होते, त्याने तासाभरात सर्व पिल्ले मारली. ज्यात ते कमी होते, त्याने शिफारशीच्या मात्रेत त्या मानाने फारच थोडी मारली. म्हणजे मारक ठरले ते केवळ डबीवर मोठ्या अक्षरांत छापलेले द्रव्य नव्हे, तर त्याच्या जोडीला असलेले द्रावकही. ग्लायफोसेटच्या काही तयार औषधांतील पसरविणारी साबणासारखी द्रव्ये बेडूकमाशांना मूळ तणनाशकाहून अधिक घातक ठरल्याचे अमेरिकेतील प्रयोगांतूनही दिसले आहे.

येथे गावच्या एका रिवाजाविषयी बोलणे भाग आहे. औषध पानावर चांगले पसरावे म्हणून पंपात स्टिकर टाकतात. स्टिकर नसेल तर कपडे धुण्याची पूड किंवा शांपूची पुडीही टाकतात. पानावरील मेणाचा थर भेदून औषध आत जावे, हाच त्यातील हेतू असतो. जे द्रव्य पानाचा मेणाचा थर भेदते, ते एका पेशीच्या जाडीच्या थरास भेदणार नाही असे मानण्यास कोणताच आधार नाही. औषध उत्पादकाने न सांगितलेले मिश्रण पंपात करू नये, हा जुनाच नियम आहे. त्याला हे एक नवे कारण मिळाले, एवढेच.

आयनांचे वहन बिघडल्याने बेडूक खरोखर मरतो काय, की हे केवळ काचेच्या कप्प्यातील निरीक्षण आहे, अशी शंका विचारी वाचकाच्या मनात येईल. तिचे उत्तर औषधांच्या नव्हे, तर एका रोगाच्या अभ्यासातून मिळाले आहे. जगातील बेडकांच्या अनेक जाती नष्ट करणारी एक बुरशी विसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखण्यात आली. ती फक्त कातडीत वाढते. हृदयात, यकृतात वा मेंदूत जात नाही. तरी बेडूक मरतात कसे, हे कोडे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये उलगडले. रोगट बेडकांच्या कातडीतील क्षारांचे वहन निम्म्याहून अधिक घटले होते. रक्तातील सोडियम सुमारे शेकडा २० ने व पोटॅशियम सुमारे शेकडा ५० ने उतरले होते. आणि अखेरीस हृदय बंद पडत होते. अशा बेडकांना तोंडाने क्षारांचे द्रावण पाजले असता ती अधिक काळ जगली. कातडीची ही मोट थांबली तर बेडकाचे हृदय थांबते, याहून स्पष्ट पुरावा मागण्याचे कारण नाही. पश्चिम घाटातील बेडकांतही या बुरशीचे अस्तित्व आढळलेले आहे. तेव्हा ज्या कातडीवर रोगाचा भार पडण्याची शक्यता आहे, तिच्यावर औषधाचाही भार टाकणे शहाणपणाचे नाही.

तथापि पुराव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रयोगशाळेत वापरलेली औषधाची मात्रा वाहत्या ओढ्यात आढळणाऱ्या मात्रेहून पुष्कळदा जास्त असते. प्रयोग बहुतेक परदेशी जातींवर झालेले आहेत. बेडूक कमी होण्याला पाणथळी बुजविणे, रस्ते, रोग व हवामान ही कारणेही आहेत. सर्व खापर फवारणीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. शिवाय बेडूक पाळला की फवारणीची गरज उरत नाही, असा जो प्रचार अधूनमधून ऐकू येतो, तोही अतिरेकीच होय. बेडूक किडे खातो. परंतु शत्रुकीड व मित्रकीड असा भेद तो करीत नाही, कोळी व गांडुळेही गिळतो. तरीही खाचरातील किड्यांवर त्याचा रात्रीचा पहारा असतो, ही गोष्ट खरी आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या दरवर्षी हजारो टनांनी परदेशी जात. १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली, तेव्हा शेतीतील कीडनियंत्रण हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. ज्या प्राण्याला पकडण्यास कायद्याने मज्जाव आहे, तो खाचराच्या पाण्यात नकळत मारला जावा, ही विसंगती आहे.

ही हानी डोळ्यांना दिसत नाही, हीच मोठी अडचण आहे. विष पडलेल्या तळ्यात मासे उताणे तरंगतात व गावात बोभाटा होतो. कातडीचे काम बिघडलेला बेडूक सुस्त होतो, बिळात वा गवतात जाऊन बसतो, साप-बगळ्यांच्या तोंडी पडतो, किंवा दोन दिवसांनी कोठेतरी मरतो. त्याची मोजदाद कोणी करीत नाही. पिल्लांची स्थिती याहूनही नाजूक असते. बेडूकमासा पाण्यात असतो तेव्हा क्षारांच्या देवघेवीत त्याच्या कल्ल्यांचा मोठा वाटा असतो. शेपूट आखडून पाय फुटू लागतात त्या थोड्या दिवसांत कल्ले जातात आणि कातडीत प्रौढ बेडकाप्रमाणे सोडियम ओढणारी यंत्रणा प्रथमच उभी राहते. जुनी व्यवस्था मोडलेली, नवी पुरती बसलेली नाही, अशा अवस्थेत ही बोटाच्या पेराएवढी पिल्ले पाण्याबाहेर बांधावर येतात. कपाशी, सोयाबीन व भात यांवरील फवारण्या त्याच सुमारास जोरात चालू असतात.

मग धोका सर्वांत जास्त कोठे आहे? पिकावर उडणाऱ्या तुषारांत तो आहेच. पण विस्तार कार्यकर्त्याने पहिले लक्ष पंपाच्या धोवणाकडे द्यावे. हिशेब करून पाहिल्यास याचे कारण कळेल. अ‍ॅट्राझीनची हेक्टरी मात्रा मूळ द्रव्याच्या रूपात एक किलोग्रॅमपर्यंत असते व ती ५०० लिटर पाण्यात फवारली असता पंपातील द्रावणात लिटरला दोन ग्रॅम औषध असते. काम संपल्यावर पाठीवरच्या पंपात तळाशी व नळीत मिळून अर्धा लिटर द्रावण राहिले असे धरू; त्यात एक ग्रॅम औषध असते. आता अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद व वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर खोल असे शेताकडेचे डबके घेतले तर त्यात एक हजार लिटर पाणी मावते. त्या डबक्यात पंप खळबळून धुतला की त्यातील दर लिटर पाण्यात एक हजार मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझीन झाले. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकात पिण्याच्या पाण्यातील अ‍ॅट्राझीनची मर्यादा लिटरला दोन मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एका पंपाच्या एका धुण्याने ते डबके या मर्यादेच्या पाचशे पट दूषित होते. ही मर्यादा माणसासाठी आहे, आणि माणूस ते पाणी फक्त पितो. बेडूक त्यात रात्रंदिवस बसतो, आणि त्याची अंडीही तेथेच असतात. एकाच डबक्यावर वस्तीतील चार पंप धुतले जात असतील तर पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या हानीत शेतकऱ्याचा एक पैशाचाही लाभ नाही. पिकावर पडलेल्या औषधातून निदान पीक तरी वाचते. डबक्यात गेलेल्या औषधातून कोणाचेच काही वाचत नाही. म्हणून या बाबतीत सवलत देण्याचे कारण दिसत नाही. पंप व रिकामी डबी स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावी, ते धोवण प्रत्येक वेळी पंपातच घेऊन त्याच पिकावर फवारून टाकावे. द्रावण मुळातच मोजून करावे, म्हणजे उरणार नाही. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही उरलेले औषध, रिकामी वेष्टने व धोवण यांची विल्हेवाट परिसराचे व पाण्याचे प्रदूषण होणार नाही अशा रीतीने लावावी, असे सांगितले आहे. नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. त्याची गावातील आठवण मात्र फारशी ताजी नाही.

फवारणीच्या वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे, व त्यावर सोपे उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. उगवणीपूर्वीचे तणनाशक पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, जमिनीत ओल असतानाच मारावे लागते. बेडूक जमले आहेत म्हणून ते आठवडाभर लांबविता येत नाही. परंतु साचलेल्या पाण्यावरून, चरावरून व ओढ्याकाठच्या दोन-चार तासांवरून जाताना नोझल बंद ठेवण्यास काही अडचण नाही. तेथील तण खुरप्याने काढता येते. पुढील काही तासांत जोराचा पाऊस येण्याचे चिन्ह असेल तर फवारणी पुढे ढकलावी. वाहून गेलेले औषध तणही मारीत नाही आणि सखल भागातील पाण्यात जाऊन बसते. फुलोऱ्यातील पिकावर मधमाश्यांसाठी सायंकाळी फवारावे असे सांगितले जाते, आणि बेडूक तर सायंकाळीच बाहेर पडतो. हा विरोध खराच आहे. फुलोऱ्यात मधमाशीचा विचार आधी करावा; मात्र पिकात फूल नसेल, त्या वेळी फवारणी सकाळी वारा पडलेला असताना उरकून घ्यावी, म्हणजे रात्रीपर्यंत पानांवरील द्रावण सुकते.

औषधांच्या नोंदणीसाठी ज्या चाचण्या मागितल्या जातात त्यांत पक्षी, मासे, मधमाश्या यांचा समावेश असतो. जमिनीवर वावरणाऱ्या बेडकाची स्वतंत्र चाचणी सर्वसाधारणपणे मागितली जात नाही. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये ही उणीव मान्य करून तिच्याकडे लक्ष वेधले. भारतातील कृषी विद्यापीठांजवळ प्रयोगक्षेत्रे आहेत, खाचरे आहेत व त्यांत बेडूकही आहेत. भात, मका व ऊस यांतील नेहमीच्या औषधांची खाचरातील बेडकांवरील परीक्षा येथेच व्हावयास पाहिजे. जर्मनीतील बेडकाचे आकडे कोकणातील खाचराला किती लागू पडतात, हे त्याशिवाय ठरणार नाही.

तोपर्यंत गावपातळीवर एक काम लगेच हाती घेता येण्यासारखे आहे. शेततळ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली असून पाणी हाताशी असल्याने औषध कालविणे व पंप धुणे ही दोन्ही कामे आता तळ्याच्या काठावरच होतात. ही जागा काठापासून निदान वीस-पंचवीस पावले दूर, उताराच्या विरुद्ध बाजूस हलवावी. पाणी बादलीने किंवा नळीने तेथवर न्यावे. जेथे अनेक शेतकरी एकाच तळ्यावरून वा नाल्यावरून पाणी भरतात, तेथे ग्रामपंचायतीने एक पक्का ओटा बांधून द्यावा, म्हणजे सांडलेले द्रावण ओघळून पाण्यात जाणार नाही. औषध कालविण्याची टाकी, मोजमापाचे भांडे, साबण व हात धुण्याचे पाणी त्या ओट्यावरच ठेवावे. पेरणीपूर्वीच्या गावसभेत कार्यकर्त्याने याची जागा शेतकऱ्यांसमवेत शिवारात जाऊन मुक्रर करावी, आणि ती मृगाच्या आधी तयार व्हावी.